दोन नावांची सून

८ फेब्रुवारी २०१६, सोमवार

उजव्या हाताचं प्लास्टर परवा काढलं. टँकरपाशी हंडा घेऊन पडले होते, तेव्हा मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाला, आजी, बोटं चालवत राहा, नाहीतर आखडतील. मी म्हटलं, भाकरी थापते की. तो म्हणाला, भाकरीनं तळहात चालतो, बोटांना बारीक काम पाहिजे, माळ ओढा नाहीतर लिहा. देवाला मी माहीत आहे, त्याला सारखं सारखं हाका मारायची गरज नाही. म्हणून लिहिते.

शाळा माझी दोन वर्षं, ती पण आमचा कळप गावाजवळ बसला असेल तेवढ्याच दिवसांची. तरी अक्षर शिवशंकरपेक्षा बरं आहे. शिवशंकर माझा नातू, वाळूजला कंपनीत आहे. ही डायरी त्याला कंपनीनं फुकट दिली. फुलंब्री रोडला नवी वसाहत झाली आहे, तिथं तिसऱ्या मजल्यावर मी, तो आणि त्याची बायको अक्षदा असे तिघं राहतो. बिल्डिंगा लई उगवल्या इथं, पाणी तेवढं उगवायचं राहिलं. माझा मुलगा राम, म्हणजे शिवशंकरचा बाप, कन्नडच्या पलीकडं गावात अजून मेंढरं राखतो. त्याला शहर मानवत नाही.

आज एवढंच. बोटं दुखली.

११ फेब्रुवारी, गुरुवार

तुमची नातसून काय काम करते, असं खालच्या बाया विचारतात. तर ती चिकलठाण्याकडं नवीन निघालेल्या संशोधन केंद्रात डार्क मॅटर नावाची वस्तू शोधते. ती वस्तू दिसत नाही, हाताला लागत नाही, उजेड तिच्यातून आरपार जातो. मी विचारलं, "मग ती हाय कशावरून?"

"आजी, कडेच्या चांदण्या इतक्या जोरात फिरतात, की त्या भिरकावल्या जायला पाहिजेत. जात नाहीत. म्हणजे कुणीतरी धरून ठेवलंय. धरून ठेवणारं दिसत नाही, पण वजन त्याचंच जास्त."

"मग सापडलं का?"

"नाही. अजून जगात कुणालाच नाही."

"न सापडल्याचा पगार देतात?"

"तात्पुरता देतात," म्हणाली आणि हसली.

तेच तर. तिचं काम कंत्राटाचं आहे, एप्रिलअखेर संपतं. आता पक्की जागा निघाली, एकच. मिळाली तर हे शास्त्र जन्मभर तिचं. नाही मिळाली तर कुठल्या तरी क्लासमध्ये बारावीच्या पोरांना गणितं शिकवत बसायचं. ते तिला जमेल, पण ती वाळून जाईल. मला शंका नाही, जागा आमचीच आहे.

जागा देताना पेपर किती लिहिले ते बघतात, आणि त्याहून जास्त हे बघतात, की दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या पेपरात त्याचा आधार किती वेळा घेतला. त्याला सायटेशन म्हणतात. मी लगेच समजले. शेतकरी आमची मेंढरं रानात बसवून घेतो, लेंडीखतानं रान पिकलं की पुढच्या साली त्याचे भाऊबंद पण आवतण देतात. कळप चांगला का वाईट हे धनगरानं सांगायचं नसतं, आवतणं सांगतात.

"अगदी तसंच आजी," अक्षदा म्हणाली, "फक्त आमच्या लेंड्या कागदावर असतात."

पोरीला जीभ आहे. म्हणून तर आवडते, पण तिला सांगायचं नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या दारात नजमुन्निसा राहते. उर्दू शाळेत मास्तरीण होती. दुपारी तिच्याकडं बसले होते, तिथं अक्षदा आली आणि तिनं आम्हाला एच का काय तो आकडा समजावला. दहा पेपर असे, की प्रत्येकाचा आधार निदान दहादा घेतला, तर आकडा दहा. एकाच पेपराचा आधार हजारदा घेतला आणि बाकीच्यांना कुणी विचारलं नाही, तर आकडा एक.

मी म्हटलं, "म्हणजे एक पोरगा कलेक्टर आन् बाकीचे उनाड, तर आईबापाची पत एकाचीच."

नजमुन्निसा मला बानाबी म्हणते. ती म्हणाली, "फिर तो मेरा आकडा शून्य है, बानाबी." तिच्या पोराचं, बासितचं, चाललंय बरं, पण तिला रडायला आवडतं.

जागेसाठी हा आकडा दहा तरी पाहिजे. अक्षदाचा अकरा आहे. मी त्याच वेळी मनात म्हटलं, झालं काम.

२ मार्च, बुधवार

बासितनं पलीकडच्या गल्लीत प्लॉट घेतला आहे. तिथं त्यानं गुपचूप बोअर मारला. नुसता फुफाटा निघाला. लाजेनं कुणाला बोलला नाही, तोंडावर पोतं टाकून ठेवलं. आज शेजारच्यानं त्याला चिकटूनच मारला, त्याचाही फुफाटा. मग भांडण. "आधी सांगता येत नव्हतं का?" म्हणे. आख्ख्या गल्लीच्या खिडक्या धुळीनं पांढऱ्या झाल्या.

अक्षदा म्हणाली, "माझा सगळ्यात गाजलेला पेपर हाच आहे आजी. अमुक वजनाचा कण असता तर असा दिसला असता, दिसत नाही, म्हणून तिथं शोधू नका. मी पोतं न टाकता सांगितलं."

म्हणजे ह्या जगात कोरड्या बोअरनं पण नाव होतं. फक्त छातीवर हात ठेवून सांगायला पाहिजे.

१४ मार्च, सोमवार

आज ती लवकर आली. चहा केला तर प्यायली नाही. मी म्हटलं, "कोण मेलं?"

"मुक्ता ठोंबरे," म्हणाली.

मला कळेना. ही स्वतःच मुक्ता ठोंबरे. म्हणजे लग्नाआधीची. आमच्या घरात आली तेव्हा आम्ही नाव अक्षदा ठेवलं.

झालं असं. तिनं अर्जात अकरा पेपर दाखवले. त्यातले पहिले पाच लग्नाआधीचे, मुक्ता ठोंबरे ह्या नावानं. पुढचे सहा अक्षदा शिंगाडे ह्या नावानं. जागेला उभ्या असलेल्या कुणीतरी तक्रार केली, की ही बाई दुसरीचे पाच पेपर आपले म्हणून दाखवते. चोर म्हटलं! आमच्या सुनेला! तिचे वरिष्ठ खंडाळे सर भले गृहस्थ आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. पण ते म्हणाले, माझ्या ठाऊक असण्यावर कमिटी चालत नाही. पूर्वी स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं त्यावर आजवर भागलं, आता तक्रार झाल्यावर सरकारी शिक्क्याचा दाखला पाहिजे. दहा एप्रिलच्या आत. नाहीतर पाच पेपर बाद. मग आकडा सहा, मुलाखतीला बोलावणं नाही, वर खोटेपणाचा ठपका.

मी म्हटलं, लग्नाचा दाखला दे. तर कळलं, की लग्न नोंदवलंच नाही. गावात मांडव घातला, पाचशे माणूस जेवलं, नोंद कशाला करायची? माणसं आंधळी होती का?

१५ मार्च, मंगळवार

शिवशंकर मला म्हणतो, "आज्जे, नाव बदलायची काय गरज होती तवा?"

गरज? ह्याच्या आईचं नाव मुक्ता होतं. हा दुसरीत असताना ती तापानं गेली. रानात मुक्काम होता, दवाखाना लांब. आता मांडवात आलेली नवरीपण मुक्ता. नवऱ्यानं बायकोला आईच्या नावानं हाक मारायची काय? आणि राम कळपाकडनं दमून घरी आला, उंबऱ्यात पाय ठेवला आणि आतून कुणी "मुक्ता, पाणी आण" म्हटलं, तर? रीत असते काही. मी ताटात तांदूळ पसरले आणि शिवशंकरला अंगठीनं अक्षदा लिहायला लावलं. चांगलं नाव आहे, लग्नातलंच आहे.

मी काही चुकले नाही. चूक त्या कॉम्प्युटरची. एवढं जगाचं ज्ञान भरलंय म्हणतात त्यात, आणि बाईचं लग्न होतं एवढी अक्कल नाही.

१७ मार्च, गुरुवार

नजमुन्निसाला सांगितलं तर ती म्हणाली, "हमारे में नाम नहीं बदलते बाई. निकाह के पहले नजमुन्निसा, बाद में भी नजमुन्निसा. कब्र पे भी वहीच."

मी म्हटलं, "मग नवऱ्याचं घर कळतं कसं लोकांना?"

"बर्तन की आवाज से," म्हणाली.

अक्षदा ऐकत होती. हसली नाही. मग एकदम म्हणाली, "आजी, परदेशातली माणसं अजून मुक्ताचेच पेपर घेतात. अक्षदाला कमी ओळखतात. मध्ये जपानच्या एका प्रोफेसरांनी खंडाळे सरांना विचारलं, ती मुक्ता ठोंबरे चांगलं लिहायची, तिनं काम सोडलं का, की बरी नव्हती? लग्नानंतर पेपर येणं बंद झालं ना तिचं."

मी म्हटलं, "चांगलं हाय की. माणूस गेल्यावर सहा वर्षं कोण विचारतं?"

ती उठून आत गेली. काय लागलं कोण जाणे. मी कौतुकच केलं होतं.

२१ मार्च, सोमवार

ठरलं. खंडाळे सर म्हणाले, लग्नाची नोंद उशिरापण होते. गावात ग्रामसेवक करतो, दाखल्यावर बाईचं आधीचं नाव येतं. नवरा, नवरी आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार पाहिजेत. शिवशंकर सुट्टी मिळत नाही म्हणत होता. मी म्हटलं, लग्नाला मिळाली होती ना? मग हे त्याच लग्नाचं राहिलेलं काम आहे, तुझ्या साहेबाला सांग.

साक्षीदार मी, अक्षदाचे वडील बद्रीनाथ आणि राम. राम दुष्काळानं कळप घेऊन घाट उतरून खानदेशात गेला आहे. निरोप धाडला. शिवशंकर म्हणाला, आबाला कशाला बोलावतेस, गावातला दुसरा कुणी घेऊ. मी पण आधी तेच म्हणत होते. पण सगळा गाव पाण्यामागं पांगलाय, लग्नाला असलेलं माणूस सापडेना. नाइलाज.

२८ मार्च, सोमवार

सकाळी एसटीनं कन्नड, तिथून जीपनं गाव. जीपमध्ये माणसं कमी आणि पाण्याचे कॅन जास्त. गावातला आड कोरडा, ग्रामपंचायतीसमोर टँकरची वाट बघत हंडे उभे. राम आधीच येऊन ओट्यावर बसला होता. घोंगडी खांद्यावर, दाढी पांढरी झाली. कळप भाच्याकडं सोडून रातभर चालून घाट चढून आला. मी म्हटलं, "एसटी बंद झाली का?" म्हणाला, "सवय ऱ्हावी."

ग्रामसेवक पोरगाच आहे, पण कडक. लग्नाचे फोटो बघितले. मग म्हणाला, "तक्रारीची भानगड आहे म्हणता, तर मी पक्कं करणार. प्रत्येक साक्षीदारानं आपल्या तोंडानं सांगायचं, नवरीचं लग्नाआधीचं नाव काय. मग मी लिहिणार."

बद्रीनाथांनी सांगितलं. बाप आहे, पोरीचं नाव घ्यायला त्याला काय. मग मी सांगितलं.

ग्रामसेवक म्हणाला, "नाव कुणी बदललं?"

"मी."

"का?"

"आमच्यात बदलतात. तू लिही."

मग रामाची पाळी. तो खाली बघत बसला. मी म्हटलं, "अरे बाबा, दोघांनी सांगितलं ना? बापानं सांगितलं, आजेसासूनं सांगितलं. त्याला कशाला विचारतो, अंगठा घे आन् मोकळं कर."

"नाही आजी. सांगितल्याशिवाय सही नाही."

रामाला तहान लागली होती, एवढी वाट चालून आला, म्हणून शब्द फुटत नव्हता. मी तांब्या पुढं केला. त्यानं हातात धरला, प्यायला नाही.

ग्रामसेवक म्हणाला, "अहो, स्वतःच्या सुनेचं नाव म्हाईत नाही? मग साक्ष कशाची?"

मी त्या पोराला चार शब्द सुनावणार होते. अक्षदानं माझा हात धरला. मग तीच रामाकडं वळून म्हणाली, "मामा, राहू द्या. नसलं होत तर राहू द्या. मी दुसरं काहीतरी बघीन."

काय बघणार होती? काही नव्हतं बघायला. खोटं बोलली.

रामानं तिच्याकडं बघितलं. म्हणाला, "मुक्ता."

ग्रामसेवक लिहायला लागला. रामानं परत सांगितलं, मोठ्यानं, बाहेरच्या हंड्यावाल्या बायांना ऐकू जाईल असं. "मुक्ता. मुक्ता बद्रीनाथ ठोंबरे." दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. मग पाणी प्यायला, आख्खा तांब्या.

पंचायतीत धूळ लई होती. शिवशंकरला पण सर्दी झाली, येताना सगळ्या वाटेनं नाक ओढत होता.

३१ मार्च, गुरुवार

दाखला आला. कमिटीला दिला आणि जिथं पेपर मोजतात तिथंपण पाठवला. आज त्यांनी दोन्ही नावं एका माणसाची म्हणून जोडली. पाच आणि सहा अकरा, आकडा अकरा. अक्षदानं मला बोलावून दाखवलं. एकाच पानावर खाली मुक्ता, वर अक्षदा, उंच सखल खांबांसारखं चित्र. कोणत्या साली किती जणांनी आवतण दिलं त्याचं. ती तिकडं बघून सारखी डोळे पुसत होती. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, दाखवून घे.

जपानच्या त्या माणसाला खंडाळे सरांनी कळवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, की ह्या मुक्ताबाई कामावर आहेत हे वाचून फार बरं वाटलं, सहा वर्षांचे पेपर आता नीट वाचतो. जपानात माणसं सभ्य दिसतात.

तक्रार करणाऱ्यानं तक्रार मागं घेतली म्हणे. त्याचं नाव अक्षदा सांगत नाही. माझा स्वभाव तिला ठाऊक आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

लातूरला आगगाडीनं पाणी आणलं, टीव्हीवर सारखं तेच. आमच्या वसाहतीत अजून टँकरच. नजमुन्निसाची आणि माझी बारी लागली, की आम्ही एकमेकींची भांडी भरतो. बाकीच्या बाया म्हणतात, ह्या दोन म्हाताऱ्या टोळी करून येतात. खरं आहे.

उद्या मुलाखत. मी अक्षदाला म्हटलं, वाकून बोलू नको. आवतण देणारे ते, पण खत आपलं.

१५ एप्रिल, शुक्रवार

मुलाखत झाली. पाच जण होते. एक बाई दिल्लीची. पहिलाच प्रश्न तिनं विचारला, "तुम्हाला आम्ही कोणत्या नावानं बोलवू?"

"मग तू काय सांगितलं?" शिवशंकरनं जेवताना विचारलं.

"मुक्ता ठोंबरे म्हणाले. आता पेपरावर पण तेच लिहिणार. जागा मिळो, न मिळो."

शिवशंकरचा घास थांबला. "आन् घरात? मी काय हाक मारू?"

मला राहवलं नाही. "सहा वर्षं झाली, तू तिला 'अगं' म्हणतोस. मी 'ए पोरी' म्हणते. राम तर हाकच मारत नाही. अक्षदा म्हणून ह्या घरात तिला हाक मारली कुणी? डायरीत तेवढी मी लिहिते."

मी आपलं जेवले. बोलून गेल्यावर मलाच वाटलं, की हे काहीतरी निराळंच बोलले आपण. मग आमटी वाढून घेतली.

४ मे, बुधवार

जागा मिळाली. पक्की. खंडाळे सरांचा फोन आला तेव्हा ती टँकरपाशी होती, मी खाली जाऊन सांगितलं. भरलेली कळशी तिथंच ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "उभी काय राहिलीस, कळशी उचल, कुणी नेईल." मला पहिल्यापासून माहीत होतं. फेब्रुवारीतच लिहून ठेवलंय मी.

नजमुन्निसानं शीरखुर्मा केला. दूध विकतचं, पाणीपण विकतचं, म्हणाली, पण खुशी अपनी है.

रामाला मीच फोन लावला. म्हटलं, "झालं तिचं." तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "यीन मी."

शहरात येईन असं तो शिवशंकरच्या लग्नानंतर पहिल्यांदा बोलला. येतो कशाला, खर्च. पण ये म्हटलं.

८ मे, रविवार

राम आला. बिल्डिंग सापडली, मजला सापडेना. फोन लावायचा ना? नाही. खाली गेटजवळ, सगळ्या गाड्यांच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डोंगरावरून कळपाला घालतात तशी हाक घातली.

"मुक्ताऽऽ!"

चारी बिल्डिंगांच्या गॅलऱ्या बाहेर आल्या. बासित आंघोळीतून उठून आला. मी कठड्याला धरून खाली बघत होते. पंचवीसेक वर्षांनी हा गळा ऐकला मी, अजून तसाच आहे, कुठं चिरला नाही. म्हटलं ओरडू नको सांगावं, शहर आहे हे, लोक नावं ठेवतील. पण तोंडातून शब्द आला नाही. उन्हानं घसा कोरडा पडतो आजकाल.

"आले मामाऽऽ!" म्हणून मुक्ता चप्पल न घालताच जिना उतरत पळाली. एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि मे महिन्यात पायऱ्या किती तापतात हे हिला कळत नाही.